अनेक हातांचे यंत्र आणि निरोपाची वाट

वसंतातल्या व्याख्यानांना देवणीसारख्या गावी जी मंडळी जमतात, त्यांत आडतीवरचे मुनीम असतात, शिक्षक असतात, शेतकरी असतात, आणि दिवसभर पोती वाहून, अंग धुऊन आलेले हमालही असतात. या सर्वांच्या खिशात आज एक वस्तू सारखी आहे, ती म्हणजे मोबाइल. त्याच्या पोटात नखाएवढा सिलिकनचा एक तुकडा असतो. त्याला चिप म्हणतात. या तुकड्यावर बहुधा आठ स्वतंत्र गणक बसवलेले असतात. त्यांना कोअर असे नाव आहे. हे आठही जण एकाच वेळी काम करतात, एकमेकांना निरोप देतात आणि एकमेकांसाठी खोळंबूनही राहतात. पावसाचा अंदाज काढणाऱ्या मोठ्या यंत्रांत असे गणक हजारोंनी असतात. इतके गणक एकमेकांशी बोलतात तरी कसे, हा आमच्या आजच्या विवेचनाचा विषय आहे.

विषय अभियंत्यांचा, आणि आम्ही पडलो मजूर संघटनेचे कार्यकर्ते. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात अधिक झालेले. मग आम्ही या भानगडीत का पडावे? याला कारण आहे. अनेक हात एका कामाला लावले म्हणजे काम आपोआप उरकते काय, हा प्रश्न संघटनेच्या कामात आम्हांला रोज भेटतो. चिप घडवणाऱ्यांनाही तोच प्रश्न भेटला, आणि त्यांनी त्याचे उत्तर आकड्यांत मांडून ठेवले. ते उत्तर असे की, हातांची संख्या ही अर्धी गोष्ट झाली. उरलेली अर्धी गोष्ट म्हणजे एकाचा निरोप दुसऱ्याला वेळेवर पोचण्याची व्यवस्था. हे उत्तर मजुराने समजून घेण्यासारखे आहे, आणि ज्याचे शेत पावसावर उभे आहे त्यानेही समजून घेण्यासारखे आहे.

मुळात एकाच्या जागी अनेक गणक बसवण्याची वेळ का आली, ते आधी पाहू. पुष्कळ वर्षे चिपवर एकच गणक असे, आणि दरसाल त्याचा वेग वाढवला जाई. वेग वाढला की वीज अधिक लागते आणि चिप अधिक तापते. एकविसाव्या शतकाच्या आरंभी हा ताप इतका वाढला की, पुढे जावे तर चिप थंड ठेवणेच अशक्य व्हावे. आयबीएम कंपनीने २००१ साली एकाच चिपवर दोन गणक बसवून दाखवले. २००४ साली इंटेल कंपनीने केवळ वेग वाढवण्याचा आपला बेत सोडला आणि तीही याच वाटेला लागली. एका बैलाला चाबूक मारमारून पळवण्यापेक्षा दोन बैल बेताच्या चालीने जुंपावेत, हा जुन्या शेतकऱ्याचा हिशेब अखेर त्यांना मान्य करावा लागला.

पण बैल दोनाचे चार आणि चाराचे आठ केले म्हणजे नांगरट आठपट होते असे नाही. यासंबंधीचा नियम जीन अमडाल या अमेरिकन अभियंत्याने १९६७ साली मांडला. तो नियम आम्ही आडत बाजाराच्या भाषेत सांगतो. समजा, तुरीचा एक ट्रक आला आहे. एकटा हमाल तो रिकामा करू लागला तर दहा तास लागतील. त्यांपैकी नऊ तास पोती वाहून थप्पी लावण्याचे आणि एक तास वजनाचा. काटा एकच आहे आणि मापाडी एकच आहे. आता दहा हमाल लावा. वाहण्याचे काम चोपन्न मिनिटांत होईल, पण काट्याचा एक तास तसाच राहील. एकूण एक तास चोपन्न मिनिटे. शंभर हमाल लावा. वाहणे साडेपाच मिनिटांच्या आत येईल, काट्याचा तास तेवढाच. हजार लावले तरी तासाच्या आत ट्रक सुटणार नाही. दहा तासांचे काम फार तर एका तासावर येईल, त्यापुढे हमाल वाढवणे म्हणजे काट्यापुढची रांग वाढवणे. जो भाग वाटून घेता येत नाही तोच सर्वांचा वेग ठरवतो, हे अमडालच्या नियमाचे सार होय.

गणकांच्या बाबतीत पुष्कळदा हा काटा म्हणजे निरोपाची वाट असते. एका गणकाने काढलेली बेरीज दुसऱ्याला हवी असते. ती पोचेपर्यंत दुसरा हात बांधून बसतो. आजच्या चिपमध्ये एक बेरीज करायला जेवढी वीज लागते, त्याहून कितीतरी अधिक वीज तिचे आकडे चिपच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात न्यायला लागते. अर्थात आता काम स्वस्त झाले आहे आणि वाहतूक महाग!

या वाहतुकीचा विचार महाराष्ट्रात फार आधी झाला, ही अभिमानाची गोष्ट आहे. १९८० नंतरच्या दशकात महासंगणक म्हटला की अमेरिकेच्या क्रे कंपनीचा. आपल्याला दिल्लीत हवामानाच्या कामासाठी एक क्रे मिळाला, पण मागितला होता त्याहून लहान, आणि तोही अटी घालून. बंगळूरच्या विज्ञान संस्थेसाठी हवा होता तो मिळालाच नाही. तेव्हा १९८८ साली पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले. तीन वर्षांची मुदत आणि तीस कोटी रुपये एवढ्या भांडवलावर महासंगणक उभा करायचा होता. या कामाचे प्रमुख होते अकोला जिल्ह्यातल्या एका खेड्यात जन्मलेले डॉ. विजय भटकर. क्रेसारखा एकच बलदंड गणक घडवणे आपल्या आवाक्यात नव्हते. म्हणून सी-डॅकने दुसरी वाट धरली. अनेक लहान गणक घ्यायचे आणि त्यांची एकजूट करायची.

त्यासाठी त्यांनी ब्रिटनमधील इनमॉस कंपनीचा ट्रान्सप्यूटर हा गणक निवडला. त्याची रचना लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्याच्या एकाच चिपवर आकडेमोड करणारा भाग तर होताच, शिवाय शेजाऱ्यांना निरोप देण्यासाठी चार वाटाही होत्या. जणू कामगाराने हातांबरोबरच चार दिशांचे चार दरवाजे घेऊन यावे. असे गणक एकमेकांना जोडून १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. त्यातला प्रत्येक गणक क्रेपुढे किरकोळ होता. सामर्थ्य होते ते जोडणीत. पुढे ‘परम’ची वंशावळ वाढत गेली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ‘परम रुद्र’ नावाची यंत्रे पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथे सुरू झाली.

आता प्रत्यक्ष जोडणीकडे वळू. पहिला विचार कोणाच्याही मनात येईल तो असा की, प्रत्येकाची तार प्रत्येकाला जोडावी. चार गणकांना सहा तारा पुरतात. आठांना अठ्ठावीस लागतात. पण ऐंशींना तीन हजार एकशे साठ! नखाएवढ्या जागेत एवढ्या तारा घालायच्या तर गणकांना जागाच उरायची नाही. दुसरा विचार असा की, सर्वांना मिळून एकच तार द्यावी आणि ज्याला बोलायचे आहे त्याने ती मोकळी झाल्यावर बोलावे. एकाच ध्वनिक्षेपकावर साऱ्या सभेने बोलण्यासारखा हा प्रकार आहे. चौघांची सभा असेल तर निभते. ऐंशी जण असतील तर बोलणारा एक आणि ताटकळणारे एकोणऐंशी.

तिसरी रीत टपालाची आहे. चिपवर गणक बुद्धिबळाच्या पटासारखे आडव्या-उभ्या ओळींत मांडायचे. प्रत्येक गणकापाशी एक लहानसा टपाल नाका ठेवायचा. त्याला राउटर म्हणतात. नाक्याची तार फक्त चार शेजाऱ्यांकडे जाते. निरोपाचे पाकीट करायचे, त्यावर पत्ता घालायचा, आणि नाक्यानाक्याने ते पुढे सरकवायचे. चिपच्या आत तारांचे जंजाळ न विणता अशी पाकिटे फिरवावीत, हा विचार विल्यम डॅली आणि ब्रायन टाउल्स यांनी २००१ साली जोरकसपणे मांडला. २००७ साली इंटेलने ऐंशी गणकांची एक प्रायोगिक चिप दाखवली. तिच्या घडणीत बंगळूरच्या अभियंत्यांचाही वाटा होता. तीत गणक आठ आणि दहा अशा ओळींत मांडलेले होते. अशा मांडणीत शेजाऱ्यांना जोडायला एकशे बेचाळीस वाटा पुरतात. कोठे तीन हजार एकशे साठ आणि कोठे एकशे बेचाळीस! किंमत एवढीच की, एका कोपऱ्यातला निरोप समोरच्या कोपऱ्यात जायला सोळा टप्पे लागतात.

मात्र टपालाच्या या व्यवस्थेला एक जुना रोग आहे. बाजाराच्या दिवशी अरुंद चौकात चार बाजूंनी चार बैलगाड्या घुसाव्यात, प्रत्येकीला पुढच्या गाडीची जागा हवी असावी, आणि मागे सरायला कोणालाच वाव नसावा. मग अस्सल देवणी बैल जुंपलेले असले तरी गाडी तसूभर हलत नाही. कोणी आळशी नाही, कोणी दुष्ट नाही, तरी सारे ठप्प. गणकांच्या जाळ्यातही पाकिटे अशीच एकमेकांना अडवून बसतात. यावर काढलेला एक तोडगा अगदी साधा आहे. प्रत्येक पाकिटाने आधी आडवे जायचे आणि मग उभे. एकदा उभे वळल्यावर पुन्हा आडवे वळायचे नाही. चक्कर पूर्ण व्हायला चार वळणे लागतात आणि त्यांतली दोन या नियमाने बंद होतात. चक्करच पुरी होत नसल्यामुळे कोंडी होण्याचा प्रश्न राहत नाही. नियम सर्वांना सारखा लागू असला आणि प्रत्येकाने तो पाळला, तर चौकात शिपाई उभा करावा लागत नाही, हे आमच्या सभासदांनी ध्यानात घ्यावे.

जाळ्याच्या रचनेत आणखी सुंदर विचार एका मराठी गणितज्ञाने आणला. नरेंद्र करमरकर हे नाव गणिताच्या जगात १९८४ पासून प्रसिद्ध आहे. मर्यादित साधनांचा सर्वांत फायदेशीर वापर कसा करावा, हे ठरवण्याची एक वेगवान रीत त्यांनी त्या साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत असताना शोधून काढली. १९९१ साली त्यांनी असे सुचवले की, गणकांची आणि स्मरणकोठारांची जोडणी प्रक्षेप भूमितीच्या आधाराने करावी. नाव भयंकर आहे, पण त्यातली कल्पना आठवडी बाजाराने समजावता येते.

समजा, सात गावे आहेत, आणि आठवड्याच्या सात वारी सात ठिकाणी बाजार भरतात. सोमवारी पहिले, दुसरे आणि तिसरे गाव जमते. मंगळवारी पहिले, चौथे, पाचवे. बुधवारी पहिले, सहावे, सातवे. गुरुवारी दुसरे, चौथे, सहावे. शुक्रवारी दुसरे, पाचवे, सातवे. शनिवारी तिसरे, चौथे, सातवे. रविवारी तिसरे, पाचवे, सहावे. वाचकांनी पेन्सिल घेऊन पडताळून पाहावे. प्रत्येक बाजाराला तीनच गावे येतात, प्रत्येक गाव तीनच बाजार करते, आणि तरीही कोणतीही दोन गावे घ्या, ती आठवड्यात एकदा, आणि एकदाच, समोरासमोर येतात. कोणी वगळला जात नाही आणि कोणाची फुकट खेप होत नाही. गावे वाढली की यातला फायदा दिसू लागतो. सत्तावन्न गावे असतील तर प्रत्येकाची वाट प्रत्येकाला जोडायला एक हजार पाचशे शहाण्णव वाटा लागतील. याच रचनेने सत्तावन्न बाजार भरवले आणि प्रत्येक गावाने आठच बाजार केले, तर चारशे छप्पन्न जोडण्यांत तेच काम भागते.

आता कोणी विचारील की, या साऱ्या उठाठेवीचा देवणीच्या माणसाला उपयोग काय? तो उपयोग आभाळात आहे. लुईस फ्राय रिचर्डसन नावाचे एक इंग्रज शास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमी सैनिकांच्या गाडीवर काम करीत होते. त्या धामधुमीत त्यांनी कागद-पेन्सिलीने हवामानाचे गणित मांडून पाहिले. सहा तासांपुरत्या अंदाजालाही त्यांना आठवडेच्या आठवडे लागले. १९२२ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात त्यांनी एक कल्पना मांडली. एक प्रचंड गोल सभागृह असावे आणि त्यात चौसष्ट हजार माणसे आकडेमोड करीत बसावीत. प्रत्येकाकडे पृथ्वीचा एक तुकडा. प्रत्येकाने आपल्या तुकड्याचे गणित करावे आणि शेजाऱ्यांना दिसेल असे मांडून ठेवावे. मधल्या उंच खांबावर एक प्रमुख असावा. जे घाईने पुढे गेले त्यांच्यावर त्याने गुलाबी प्रकाश टाकावा आणि जे मागे पडले त्यांच्यावर निळा. म्हणजे सारे एका चालीने चालतील. आजचा महासंगणक म्हणजे हेच सभागृह होय. माणसांच्या जागी गणक आले, इतकाच फरक.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत सप्टेंबर २०२४ मध्ये ‘अर्क’ हा महासंगणक सुरू झाला. त्याच्या आधारावर मे २०२५ मध्ये भारत पूर्वानुमान प्रणाली कामाला लागली. पूर्वीच्या पद्धतीत जमिनीचे चौकोन बारा किलोमीटरचे होते, आता ते सहा किलोमीटरचे झाले. चौकोनाची बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात. शिवाय गणिताची पावलेही निम्म्या वेळाची टाकावी लागतात. म्हणजे काम सुमारे आठपट. आणि येथे निरोपाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो, कारण ढग काही चौकोनाची हद्द पाळत नाहीत. शेजारच्या चौकोनात वारा काय आहे हे कळल्याशिवाय आपल्या चौकोनाचे गणित पुढे सरकत नाही.

हे शेत आणि बांध यांसारखे आहे. शेताची बाजू दुप्पट केली तर शेत चौपट होते, पण बांध दुप्पटच वाढतो. एका गणकाकडे वीस बाय वीस असे चारशे चौकोन दिले, तर त्याला चारही बाजूंनी मिळून ऐंशी चौकोनांची खबर शेजाऱ्यांकडून घ्यावी लागते. पाच बाय पाच असे पंचवीसच दिले, तर वीस चौकोनांची खबर घ्यावी लागते. तुकडे करीत गेलो की शेत आटते आणि बांध उरतो. गणकाचा सारा वेळ शेजाऱ्याशी बोलण्यातच जातो. म्हणून नुसते गणक वाढवून पावसाचा अंदाज सुधारत नाही. निरोपाच्या वाटाही तितक्याच रुंद कराव्या लागतात.

यंत्र बांधणारे आणखी एक गोष्ट करतात, तिचा आम्हांला हेवा वाटतो. गणक किती वेळ काम करतो याबरोबर तो किती वेळ नुसता वाट पाहतो, याचीही ते काटेकोर नोंद ठेवतात. बसून राहिलेला गणकही वीज खातो, हे त्यांना ठाऊक आहे. म्हणून गणक खोळंबला तर ते गणकाला दोष देत नाहीत, वाट दुरुस्त करतात. आमच्या हमालाची गोष्ट पाहा. ट्रक उशिरा आला, काटा बंद पडला, मुनीम जेवायला गेला, तर चार तास तो थप्पीला टेकून बसतो. त्या चार तासांचा पैसा कोठेही लिहिला जात नाही, कारण मजुरी पोत्यावर ठरलेली. वर पुन्हा ऐकावे लागते की, हे लोक रिकामे बसतात. सिलिकनच्या तुकड्याच्या खोळंब्याचा हिशेब होतो आणि माणसाच्या खोळंब्याचा होत नाही! महाराष्ट्रात माथाडी कायदा १९६९ साली झाला. त्याने हमालाला नोंदणी दिली, हक्काची मजुरी दिली. ताटकळण्याच्या तासांची नोंद हे त्यापुढचे पाऊल होय, आणि ते टाकण्याची मागणी आम्ही करीत राहू.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. पुण्याच्या यंत्रात हजारो गणकांनी क्षणाच्या लहानशा तुकड्यात निरोपांची देवघेव करून पावसाचा अंदाज काढला. तो आपल्या शिवारात पोचला का? ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यात रात्रीच्या पावसाने हसनाळसारख्या गावांत पाणी शिरले आणि माणसे दगावली. आपल्या मराठवाड्यात दर पावसाळ्याच्या तोंडावर वीज पडून शेतात काम करणारी माणसे आणि जनावरे मरतात. विजेची आगाऊ सूचना देण्यासाठी त्याच पुण्याच्या संस्थेने ‘दामिनी’ नावाची सोय मोबाइलवर केली आहे. पण खुरपणीला गेलेल्या बाईचा मोबाइल बहुधा घरी मुलाच्या हातात असतो, नाही तर तिच्याकडे तो नसतोच, आणि असला तरी शिवारात त्याला रेंज नसते. यंत्राच्या भाषेत बोलायचे तर सगळ्या टप्प्यांवरून पाकीट आले आणि शेवटच्या नाक्यावर पडून राहिले. ज्या पाकिटाला शेवटचा नाका नाही, त्याचे आधीचे सारे टप्पे फुकट जातात.

हा शेवटचा नाका कोणतीही कंपनी बांधून देणार नाही. तो गावाने बांधायचा आहे. ज्याच्याकडे मोबाइल आहे त्याने आपल्या चार शेजाऱ्यांची जबाबदारी घ्यावी. टोळीच्या मुकादमाने सूचना आली की बांधावरून हाळी द्यावी आणि बायांना झाडाखाली न थांबवता पक्क्या छपराकडे न्यावे. ग्रामपंचायतीचा भोंगा ग्रामसभेच्या दवंडीसाठी वाजतो, तसा विजेच्या सूचनेसाठीही वाजावा. आणि ज्या मालकाच्या शेतात मजूर कामाला आहेत, त्याने सूचना मिळाल्यावर काम थांबवावे, पण त्या दिवसाची मजुरी कापू नये. मजुरी कापली जाणार असेल तर वीज कडाडत असतानाही बाई खुरपे खाली ठेवणार नाही, मग तिच्यापर्यंत कितीही चांगला निरोप पोचो.

चार दरवाज्यांचा तो लहानसा ट्रान्सप्यूटर एकटा होता तेव्हा त्याला कोणी विचारले नसते. शेजाऱ्याला जोडला गेला तेव्हा त्याने देशाचा महासंगणक उभा केला. पावसाळा आता फार दूर नाही. मृगाच्या आत आपल्या गल्लीतली, टोळीतली, शिवारातली चार घरे कोणती, हे प्रत्येकाने आजच ठरवावे.